गेटवरची यादी

ज्या माणसाबद्दल हे लिहितो आहे तो हे वाचेल अशी शक्यता फार कमी आहे. वाचलंच, तरी त्याला यातून नवीन काही कळणार नाही. त्याला सगळं त्याच दिवशी कळलं होतं. बाकीच्यांना कळायचं राहिलं, कारण मी बोललो नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी मूळचा साताऱ्याचा. डिप्लोमा झाल्यावर पुण्यात दोन वर्षं काढली आणि मग एका मित्राबरोबर सांगलीत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. एकेक कॉम्प्युटर विकणारे तेव्हा गावात चार-पाच जण होते. पण दोन कॉम्प्युटर केबलने जोडून, एकावरची फाईल दुसऱ्यावर दिसेल अशी सोय करून देणारे आम्हीच, असा आमचा समज होता. ते काम माझ्याकडे असायचं. लोक मला इंजिनियर म्हणायचे. मी इंजिनियर नव्हतो, पण कुणाला तसं सांगितलंही नाही.

तासगावच्या अलीकडे रस्त्याला लागून बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज होतं. फेब्रुवारीपासून शेडवर बेदाणा तयार व्हायला लागतो आणि बॉक्समध्ये भरून ट्रॅक्टरने तिथे येतो. गेटवर वजनकाट्याची केबिन, आणि आत गोदामाच्या वर मालकांचं ऑफिस. माल काट्यावर आला की कुणाचा माल, किती बॉक्स, कुठल्या चेंबरच्या कुठल्या रॅकवर लावला, याची नोंद ठेवावी लागायची. पुढे सौद्याच्या, म्हणजे लिलावाच्या दिवशी शेतकरी आला, की ती नोंद बघून हमाल नेमके त्याचे बॉक्स बाहेर काढायचे. नोंद नसेल तर चार अंशांवर ठेवलेल्या त्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये एकेका बॉक्सवर टॉर्च मारत फिरायचं.

ही नोंद पूर्वी रजिस्टरमध्ये होती. मालकांनी दोन कॉम्प्युटर घेतले, एक ऑफिसात, एक गेटवर. रॅकची यादी ऑफिसातल्या मशीनवर ठेवायची आणि गेटवरून केबलमार्गे तीत भर घालायची, अशी माझी योजना. रजिस्टर लगेच बंद करा, हा सल्लाही माझाच. "दोन्ही चालू ठेवलं तर कुणी कॉम्प्युटर शिकणार नाही," असं मी म्हणालो होतो. मालकांना ते वाक्य इतकं आवडलं की ते आल्यागेल्याला ऐकवायचे.

गेटवर बसायचा तो कारकून तेव्हा पस्तिशीचा असेल, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. जवळच्याच गावातल्या बौद्ध कुटुंबातला. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाल होते, आणि तो स्वतःही या स्टोरेजमध्ये हमाल म्हणूनच लागला होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलेलं. अक्षर चांगलं, म्हणून मालकांनी त्याला आधी काट्यावर पावत्या लिहायला बसवलं आणि मग गेटची केबिन दिली. सांगलीला सुट्टीच्या दिवशी येऊन तो स्वतःच्या खर्चाने टायपिंग शिकला होता. खुर्चीवर बसताना तो आधी तिच्यावर हात फिरवून धूळ झटकायचा. मला त्या वेळी ते हास्यास्पद वाटायचं.

गुढीपाडव्याच्या आधी चार दिवस मी जोडणी पूर्ण केली, आणि पहिल्याच दिवशी अडलं. गेटवरून यादी उघडायची, वाचता यायची, पण नवीन ओळ घालून सेव्ह करायला गेलं की मशीन नकार द्यायचं. मी तपासलं तर ऑफिसातल्या मशीनवर तो फोल्डर 'फक्त वाचण्यापुरता' खुला केलेला. माझीच चूक. मी पूर्ण अधिकार दिले आणि जिंकल्यासारखा सांगलीला परत गेलो.

दुसऱ्या दिवशी फोन. तीच तक्रार. मी आलो, केबल बदलली. केबलच्या टोकाला बसवायची टोपी बदलली. पासवर्ड टाकला, पासवर्ड काढला. दोन्ही मशीन बंद करून चालू केली. एखाद-दुसऱ्या वेळेला सेव्ह व्हायचं आणि पुन्हा बंद. असं दोन दिवस चाललं.

"साहेब, ते काय म्हणतंय ते मी लिवून ठेवलंय," असं म्हणून कारकुनाने मला एक चिठ्ठी दिली. स्क्रीनवर येणारा इंग्रजी निरोप त्याने जसाच्या तसा, अक्षर न अक्षर उतरवून घेतला होता. मी "बघतो" म्हणालो आणि चिठ्ठी खिशात घातली. वाचली नाही. काय वाचायचं ते कारकुनाने मला सांगावं, हे मला पटलं नसावं.

वाचली असती तर त्याच क्षणी उलगडा झाला असता. फाईल दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवली आहे, म्हणून तुम्हाला ती फक्त वाचायला मिळेल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते दुसरं कोणीतरी म्हणजे मालकांचा पुतण्या. ऑफिसात येणाऱ्या शेतकऱ्यांना कॉम्प्युटर चालू दिसावा म्हणून तो सकाळी यादी उघडायचा आणि संध्याकाळपर्यंत तशीच ठेवायचा. तो चहाला गेला, की कधी कधी बंद करून जायचा. तेवढ्या वेळात गेटवरून सेव्ह व्हायचं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी योगायोगाने वर गेलो तेव्हा स्क्रीनवर ती यादी उघडी दिसली आणि डोक्यात प्रकाश पडला. मी पुतण्याला म्हणालो, "हे बंद ठेवत जा." तो म्हणाला, "मग बघणाऱ्याला काय दावायचं? काळी काच?" पण यादी बंद केली.

या चार दिवसांत ट्रॅक्टर थांबले नव्हते. हजारावर बॉक्स आत गेले होते. रजिस्टर बंद, वरच्या यादीत लिहिता येत नाही. मग कारकुनाने आपल्या अकलेने एक गोष्ट केली. वरची यादी गेटवरच्या मशीनवर उतरवून घेतली आणि चारही दिवसांच्या नोंदी त्या प्रतीत घातल्या. एकही चुकवली नाही. पाडव्याच्या सकाळी मी आलो तेव्हा त्याने पहिलं हेच सांगितलं.

"साहेब, ताजी यादी माझ्याकडची हाय. वरची चार दिस मागं हाय. आधी माझी वर चढवा, मग बाकीचं."

"हो. पूजा झाली की लगेच करू," मी म्हणालो.

पूजा व्हायची होती, कारण पाडव्याच्या मुहूर्तावर कॉम्प्युटरचं काम सुरू करायचं असं मालकांनी ठरवलं होतं. गेटच्या केबिनमध्ये मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू, शेजारी नारळ. मालक, पुतण्या, हमालांचा मुकादम, दोन पाहुणे आणि मी, एवढे सगळे त्या छोट्या केबिनमध्ये. नव्या वहीत पहिलं अक्षर 'श्री' लिहितात तसं या यादीतही पहिलं 'श्री' पडलं पाहिजे, आणि ते मालकांच्या हातून. मी वरची, म्हणजे जुनी यादी उघडून दिली. मालक एका बोटाने इंग्रजीत एस, एच, आर, आय टाईप करत होते. आय सापडायला वेळ लागला. मी सेव्ह केलं. सेव्ह झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

कारकून त्या वेळी तिथे नव्हता. नारळ फुटायच्या आधीच एक ट्रॅक्टर काट्यावर येऊन हॉर्न वाजवायला लागला होता, आणि तो बाहेर गेला होता. पूजेला त्याने हात जोडले नसते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने कधी त्याचा गाजावाजा केला नव्हता, बाजूला उभा राहायचा इतकंच.

पेढे वाटले जात होते. मला सांगलीला परत जायची घाई होती. सासरे जेवायला येणार होते. मी विचार केला, दोन मशीनवर दोन याद्या आहेत, एक ठेवू. एकाच नावाच्या दोन फाईली. एक दुसरीवर टाकायला लागलो तेव्हा मशीनने विचारलं, अमुक वेळेची फाईल आहे, तिच्या जागी तमुक वेळेची घालू का. मी वेळा बघितल्या. ज्या फाईलची वेळ नंतरची, ती ताजी. असंच मी शिकलो होतो आणि असंच मी लोकांना शिकवायचो. नंतरची वेळ होती वरच्या यादीची, कारण पाच मिनिटांपूर्वी मालकांनी तीत श्री घातलं होतं. मी 'हो' वर बोट दाबलं. चार दिवसांच्या नोंदींवर जुनी यादी बसली, वर श्री आणि खाली त्या चार दिवसांचं काहीच नाही.

कारकुनाचं सांगणं मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं, पण वेळ बघून मला वाटलं, त्याचा काहीतरी गैरसमज असेल.

तो काट्यावरून आत आला, खुर्ची झटकून बसला, यादी उघडली. खाली सरकला, परत वर आला, परत खाली गेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, कुठली कशावर टाकली?"

मी त्याला बाजूला करून बसलो. अर्धा तास हरवलेली फाईल शोधणारा प्रोग्राम चालवला. पुसलेली फाईल कधी कधी परत मिळते, पण एकावर दुसरी लिहिली गेलेली मिळत नाही, हे मला माहीत होतं. तरी शोधत राहिलो, कारण शोधणं थांबवलं की त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

"मालकांना मी सांगतो," शेवटी मी म्हणालो. "तुम्ही काळजी करू नका."

"सांगा," तो म्हणाला. "आज सांगा. उद्या सौद्याला माल काढायचा हाय."

त्या दिवशी मालक पाहुण्यांबरोबर जेवायला बसले होते. मी सांगितलं नाही. सांगलीला गेलो आणि सासऱ्यांबरोबर श्रीखंड खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. ऑफिसात मालक खुर्चीत, पुतण्या खिडकीशी, मुकादम दाराला टेकून, आणि कारकून टेबलासमोर उभा. तीन शेतकरी खाली आपल्या मालासाठी थांबलेले.

"इंजिनियर, जास्ती काय सांगू नका, मला त्यातलं कळत न्हाई," मालक म्हणाले. "कुणामुळं झालं, तेवढं बोला."

माझं उत्तर मला आजही शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "गेटवरच्या मशीनवर जुनी यादी नव्या यादीवर पडलीय." यात एकही शब्द खोटा नव्हता. रात्रीच मी ते जुळवून ठेवलं होतं.

मालकांनी मान वळवली. "म्हंजे ह्येनं."



"मी तवा काट्यावर हुतो, मालक," कारकून म्हणाला. "ट्रॅक्टर लागला हुता."

"सगळी पूजेला हुबी, आन तू काट्यावर?"

"त्यो हॉर्न मारत हुता."

"हॉर्न मारत हुता. पेढासुदीक घेतला न्हाईस तू."

"आवं मालक, त्येंच्यात पूजा चालत न्हाई," मुकादम म्हणाला. "त्येंचा देव न्यारा. आपल्या श्रीला कसा टिकू देईल?"

पुतण्या हसला. मालकही थोडे हसले. मी हसलो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार, कारण कारकून त्याच वेळी माझ्याकडे बघत होता. त्याने मला तोंड उघडायला पुरेसा वेळ दिला. मग म्हणाला, "माल मी हुडकून देतो." आणि जिना उतरला.

तीन दिवस तो चेंबरमध्ये होता. अंगावर घोंगडं, कानाला मफलर, हातात टॉर्च. काट्याच्या पावत्यांवर वजन होतं, रॅक नव्हती. कुठल्या दिवशी हमालांची कुठली टोळी कामाला होती, कुणाला खालची रॅक भरायची सवय, कुणाला वरची, यावरून तो अंदाज बांधत बॉक्स शोधत होता. मी एकदा मदतीला म्हणून आत गेलो. पंधरा मिनिटांत बोटं बधिर झाली आणि बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो. तो संध्याकाळी बाहेर यायचा तेव्हा त्याला बोलताना जबडा हलवता यायचा नाही. एक सोडून सगळ्यांचा माल त्याने सौद्याआधी काढून दिला. तो एक लॉट मागच्या भिंतीपाशी दुसऱ्या आठवड्यात सापडला, पण त्या शेतकऱ्याचा सौदा हुकला होता आणि त्याने गेटवर येऊन जी वाजवी ओरड केली ती मालकांना पुरली.

"खुर्ची सोड. आत जा टोळीत," मालकांनी कारकुनाला सांगितलं. "पाडव्याला असं झाल्यालं मला चालत न्हाई." वडिलांनी पोती उचलली, त्यानेही उचलली होती, आणि अकरा वर्षांनी परत तिथेच. गेटवर पुतण्याचा मेहुणा आला.

मला मालकांनी एवढंच सांगितलं, की गेटवरून कुणाला आता लिहिता येता कामा नये. मी पासवर्ड घातला, गेटला फक्त वाचायची मुभा ठेवली. म्हणजे ज्या दोषासाठी मला बोलावलं होतं तोच मी पासवर्ड घालून कायम करून दिला. महिन्याभरात मेहुण्याला ते अडचणीचं झालं तेव्हा मला बोलावून पूर्ण अधिकार परत द्यायला सांगितले. मी दिले. त्या वेळी कुणी पाडव्याचं नाव काढलं नाही.

त्याच उन्हाळ्यात कारकून सांगलीला आमच्या दुकानात आला. तो बसला नाही. दुसऱ्या एका स्टोरेजमध्ये जागा होती, पण त्यांच्या कानावर गोष्ट गेली होती. तासगाव लहान आहे.

"साहेब, चार ओळी लिवून द्या," तो म्हणाला. "चूक माझ्या हातनं झाली न्हाई, एवढंच. कुणाची झाली ते लिवू नका. मला कुणाचं नाव नको."

त्याने मला त्यातून सोडवूनच मागितलं होतं. तरी मी म्हणालो, "लेटरहेड संपलेत. पुढच्या आठवड्यात या."

लेटरहेड संपले नव्हते. झालं असं होतं, की मालकांच्या शब्दावर मला आणखी तीन स्टोरेजची कामं मिळाली होती, आणि त्यांतलं एक तेच होतं जिथे त्याला ही चिठ्ठी दाखवायची होती. चिठ्ठी वाचून कुणीही पुढचा प्रश्न विचारला असता, मग कुणाची?

पुढच्या आठवड्यात तो आला. मी मागच्या खोलीत होतो. मित्राला मी खूण केली, तो म्हणाला, "साहेब मिरजेला गेलेत." माझ्या चपला दाराशी होत्या. त्याने त्या बघितल्या की नाही हे मला माहीत नाही. तिसऱ्यांदा तो आला नाही.

मी जातीचा विचार केला नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. वडील फौजेतले, घरात अशा गोष्टी बोलल्या जात नव्हत्या. पण त्या ऑफिसात कारकुनाच्या जागी मालकांचा पुतण्या उभा असता, तर "गेटवरच्या मशीनवर" हे वाक्य मी तिथेच सोडलं असतं का? घाईने पुढे म्हणालो असतो, चूक माझी आहे. पुतण्यावर ते खपणार नाही हे मला ठाऊक होतं. कारकुनावर खपेल हेही ठाऊक होतं. मुकादम निदान तोंडाने बोलला. मी त्याच्या बोलण्याचा उपयोग करून घेतला.

दोन वर्षांनी एकदा त्या स्टोरेजमध्ये प्रिंटर बघायला गेलो होतो. ऑफिसात मालक एकटेच होते. काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. श्री घातल्यामुळे जुनी यादी ताजी दिसली, मी वेळ बघून दाबलं, कारकुनाने आधी बजावलं होतं, सगळं. मला वाटलं ते चिडतील, मला हाकलतील. मला ते हवंही होतं.

मालक चष्मा पुसत होते. "मला तवाच वाटलं हुतं," ते म्हणाले. "काट्याची पावती बघितली हुती मी. त्याच टायमाची हुती. त्यो बाहीरच हुता."

"मग तुम्ही त्याला..."

"तुमी बोलला न्हाई. मी कशाला बोलू? माझ्या हातानं घातलेल्या श्रीनं घोळ केला, असं गावात सांगत फिरू?" मग म्हणाले, "बघा त्यो प्रिंटर. कागद तिरका घेतोय."

मी खाली बसलो आणि प्रिंटर उघडला.

जाताना मुकादमाला विचारलं तेव्हा कळलं, कारकुनाने टोळीतही एकच हंगाम काढला. बायकापोरांना घेऊन तो शिरवळला गेला. तिथल्या कुठल्याशा कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला आहे. "बाक्सच उचलतोय की तिथंबी," मुकादम म्हणाला. त्याच्या आवाजात या वेळी चेष्टा नव्हती.

चार ओळी मी त्या रात्री घरी बसून लिहिल्या. चौदा ओळी झाल्या, नावासकट, माझ्या. पण शिरवळला कुणाला दाखवायच्या त्या? तिथे त्याला कुणी यादीबद्दल विचारत नव्हतं. ज्यांनी विचारलं होतं त्यांच्याकडची जागा कधीच भरली होती, आणि तिथल्या मशीनची देखभाल मीच करत होतो. तरी ते घेऊन जायला हवं होतं. दुकानाच्या सामानासाठी महिन्यातून एकदा मी पुण्याला जायचो. एस.टी. शिरवळला थांबायची. कारखान्यांची पाळी सुटलेली माणसं सायकलींवरून रस्ता ओलांडताना दिसायची. मी खिडकीतून एकेक चेहरा बघायचो आणि त्यातला एकही त्याचा निघू नये असं मला वाटायचं. एकदाही निघाला नाही. मी एकदाही उतरलो नाही.